वनस्पतीजन्य आहार आणि आजारांना आळा: आपले अनुभव लिहा

धागाकर्ती, पुणे

वनस्पतीजन्य आहाराने मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब यांसारखे आजार टळतात किंवा लांबणीवर पडतात, असे आपण नेहमी वाचतो. वाचलेले स्वयंपाकघरात उतरवताना काय होते, घरच्यांच्या ते कितपत पचनी पडते, कोणत्या तपासण्या कराव्या लागतात आणि कोणती गोष्ट काही केल्या जमत नाही, याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. त्यासाठी हा धागा काढला आहे.

सुरुवात मी करते. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या मधुमेही व्यक्तींमध्ये जन्मापासून शाकाहारी असलेले पुष्कळ असतात. "आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही, मग मला मधुमेह कसा झाला?" हा प्रश्न ते मनापासून विचारतात. साबुदाण्याची खिचडी, खारी, पांढऱ्या भाताचा डोंगर, बटाट्याची भाजी, फरसाण आणि दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, हे सारे वनस्पतींपासूनच आलेले असते. अमेरिकेत आरोग्यसेवेत काम करणाऱ्या दोन लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या आहाराचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे आणि दाणे-बिया यांवर भर असलेला वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांना मधुमेहाचा धोका सुमारे ३४ टक्के कमी आढळला; मैदा, साखर, गोड पेये आणि बटाटे यांवर भर असलेला वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांना तो सुमारे १६ टक्के अधिक आढळला. माझ्या कामाच्या दृष्टीने या दोन आकड्यांइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही.

म्हणून विनंती अशी, की "मांसाहार सोडला" एवढेच न लिहिता त्याच्या जागी ताटात काय आले ते लिहावे. चालू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी किंवा बंद केल्याचे अनुभव कृपया कोणालाही सल्ला म्हणून देऊ नयेत.

निवृत्त शिक्षिका, सातारा

आमच्या दोघांच्याही रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचना मुलीने दाखवल्या. दोन हजार कॅलरींच्या ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि २५० ग्रॅम धान्ये असावीत, असे त्यात म्हटले आहे. वाचताना हे प्रमाण साधे वाटले, म्हणून मी ओट्यावर वजनकाटा ठेवला आणि पहिल्यांदा भाजी तोलून पाहिली. आमच्याकडे पाव किलो गवार चौघांना एका वेळेला पुरत असे. दोन्ही वेळचे मिळून माणशी सव्वाशे ग्रॅम भाजी पोटात जात होती, आणि भाजी खाणारे घर म्हणून आमचा लौकिक होता!

चारशे ग्रॅम भाजी परतून, तेलात घोळवून खायची तर तेल अंगावर येते. त्यामुळे स्वयंपाकाची घडीच बदलावी लागली. सकाळच्या पोह्यांत पोह्यांइतकेच मटार, गाजर आणि कोबी पडू लागले. वरणात दुधी किंवा लाल भोपळा शिजू लागला. जेवणाआधी काकडी, मुळा किंवा गाजर यांची वाटीभर कोशिंबीर खाऊन मगच भात वाढून घ्यायचा, असा नियम झाला. पालेभाजी निवडण्याचे काम यजमानांनी आपणहून अंगावर घेतले. हे मी मुद्दाम नोंदवते आहे, कारण भाज्यांचे प्रमाण वाढवा असे सांगणारे लोक ती निवडायची, धुवायची आणि चिरायची कोणी, याविषयी अवाक्षर काढत नाहीत. हे काम एकटीवर पडले असते, तर आमचा उत्साह श्रावण संपायच्या आत संपला असता.

दोघांचीही साखर आता उंबरठ्याच्या अलीकडे आहे. संध्याकाळचे चालणेही याच काळात सुरू झाले, त्यामुळे सगळे श्रेय आहाराला देणार नाही.

शेतकरी, मंगळवेढा

आमच्या भागातली काळी माती आणि मालदांडी ज्वारी प्रसिद्ध आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तरी मधली काही वर्षे आमच्याच घरात रोजची पोळी आणि भात आला होता आणि ज्वारी बाजारात जात होती. थोरल्या भावाला मधुमेह झाला, तेव्हा डॉक्टरांनी भाकरीकडे वळायला सांगितले आणि सगळ्या घरानेच ते मनावर घेतले.

एक बाब स्पष्ट लिहितो. भाकरी म्हणजे औषध नव्हे. मोठमोठ्या चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढतेच. भावाने घरी यंत्रावर मोजून ते पाहिले आहे. फरक पडला तो भाकरीसोबत ताटात जे परत आले त्याने. मटकीची किंवा हुलग्याची उसळ, राजगिऱ्याची किंवा चाकवताची पातळ भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा. एका भाकरीवर पोट भरते, कारण बाकीचे ताट भरलेले असते.

शहरातले वाचक भाकरी तुटते म्हणून सोडून देतात, असे ऐकतो. दळण ताजे असावे, जुन्या पिठाला चिकाटी राहत नाही. पीठ कढत पाण्याने भिजवून तळहाताच्या मुळाने रगडून मळावे, कडेला चिरा पडेनाशा झाल्या की गोळा परातीत कोरड्या पिठावर थापावा. तव्यात टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा आणि ते पाणी पुरते सुकण्याआधीच भाकरी उलटावी. उशीर झाला की तडे जातात आणि भाकरी फुगत नाही.

बँक कर्मचारी, ठाणे

अँजिओप्लास्टीनंतर मी मटण आणि तळलेले पदार्थ सोडले. अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला एका स्नेह्यांनी वाचायला दिला. अत्यंत कमी चरबीचा शाकाहार, धूम्रपानबंदी, व्यायाम आणि ताण कमी करण्याचे प्रशिक्षण हे सारे एकत्र केल्यावर बहुतेक रुग्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे वर्षभरात काहीसे कमी झाले, असे त्यात दिसले होते. अभ्यास फार छोटा, पन्नासाहूनही कमी रुग्णांचा होता आणि त्यात केवळ आहार बदललेला नव्हता, हे माझ्या डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितले. कोलेस्टेरॉलची गोळी चालू ठेवूनच मी आहार बदलला.

घरात सर्वांत उपयोगी पडली ती तेलाची मोजणी. पोषण संस्थेच्या ताटात दिवसाला २७ ग्रॅम तेल आहे, म्हणजे माणशी महिन्याला साधारण ८०० ग्रॅम. तिघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत होता. आता वाण्याकडून महिन्याचे तेल बेतानेच आणतो आणि तेवढ्यातच भागवतो. फोडणी चमच्याने मोजून होते. रोजचे मूठभर शेंगदाणे आणि अक्रोड मात्र मी सोडलेले नाहीत.

गृहिणी, चिंचवड

प्रथिनांचे काय करता? मुलगा व्यायामशाळेत जातो आणि वरण-भातात काही नसते म्हणतो.

धागाकर्ती, पुणे

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण आपले वरण फार पातळ असते. पोषण संस्थेच्या ताटातले ८५ ग्रॅम हे कोरड्या डाळीचे वजन आहे; वाटीभर पातळ वरणात जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम डाळ येते. एका जेवणाला घट्ट वरण, दुसऱ्याला मोडाची उसळ आणि न्याहारीला मुगाचे धिरडे, असे केले तर हे वजन गाठता येते. त्याला सोयाबीन, दाणे आणि चालत असेल तर दही यांची जोड द्यावी.

लेखापाल, फोंडा

आमच्या घरी मासळी आहे आणि राहील. वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्यावर आम्ही चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार गोवन सॉसेज, पूर्णपणे बंद केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. रोज ५० ग्रॅम खाण्यामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. वडिलांचा आजार चोरीसामुळेच झाला असे कोणीही ठामपणे सांगू शकणार नाही. पण ते वाचल्यावर घरात पुन्हा आणावेसे वाटले नाही.

दुसरा बदल असा, की सोमवारपुरते असलेले शिवराक (शाकाहारी) जेवण आम्ही आठवड्यातील बहुतेक दिवसांवर नेले. त्यासाठी नवे काही शिकावे लागले नाही. आळसांद्याचे (चवळीचे) तोंडाक म्हणजे रस्सा, मोडाच्या मुगाच्या मुगागाठी आणि भरपूर भाज्यांचे, तेफळाच्या वासाचे खतखते आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आलेले आहे. सणाचे म्हणून मागे पडलेले पदार्थ फक्त रोजच्या जेवणात आणले. खोबरे मात्र निम्म्यावर आणले, कारण त्यातील चरबी बहुतांशी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या प्रकारची, असते.

सेवानिवृत्त परिचारिका, नाशिक

कळकळीने लिहिते आहे, आणि वनस्पतीजन्य आहाराचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे अशी माझी इच्छा आहे.

माझे यजमान आयुष्यभर शाकाहारी. मधुमेहासाठी त्यांना मेटफॉर्मिन चालू होते. दुधाने कफ होतो म्हणून त्यांनी दूध-दहीही बंद केले होते. काही काळाने त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, मग अंधारात चालताना तोल जाऊ लागला. घरात सर्वांनी ते मधुमेहाच्या आणि वयाच्या नावावर टाकले. आमच्या डॉक्टरांनी नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून त्याचा दांडा त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि कंप जाणवतो का, असे विचारले. काहीच जाणवत नव्हते. तोच काटा मनगटावर टेकवला तेव्हा ते चटकन "हो" म्हणाले. रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाल्यावर मुंग्या हळूहळू कमी झाल्या, तोल बराच सुधारला. पायांच्या तळव्यांचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही. चेतातंतूंची हानी लांबली की ती सगळी भरून येत नाही.

धागाकर्ती, पुणे

नाशिकच्या ताईंच्या अनुभवाला पुस्ती जोडते. बी-१२ जिवाणू तयार करतात आणि ते आपल्याला प्राणिज पदार्थांतून मिळते; भाज्या, डाळी किंवा आंबवलेल्या इडलीवर त्यासाठी विसंबता येत नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास त्याचे शोषणही घटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर मोठे काम केले आहे. पुण्यातील मध्यमवयीन पुरुषांच्या त्यांच्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश जणांमध्ये बी-१२ कमी आढळले. पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास त्यांनी १९९३ मध्ये सुरू केला, त्यात असे दिसले, की ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट (ब गटातलेच दुसरे जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला होणारा प्रतिरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी शरीराची स्थिती, अधिक होता. म्हणजे जो मधुमेह टाळण्यासाठी आपण आहार बदलतो आहोत, त्याच्याशीच ही कमतरता जोडलेली असू शकते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक शाकाहारी व्यक्तीला मी आधी ही तपासणी करून घ्यायला सांगते. दूध-दही न घेणाऱ्यांना तर बी-१२ची गोळी किंवा ते जीवनसत्त्व मिसळलेले पदार्थ नियमित घ्यावेच लागतात.

औषधविक्रेता, कोल्हापूर

आईला मूत्रपिंडाचा विकार आहे. आरोग्याला चांगले म्हणून नातेवाईक तिच्यासाठी शहाळी आणि पालेभाज्यांचे सूप आणत, आणि तिच्या रक्तातील पोटॅशियम वाढत असे. आता भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडतो आणि ते पाणी टाकून देतो. मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी घेणारे यांनी हिरव्या भाज्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावे.

भौतिकोपचारतज्ज्ञ, लोमा लिंडा, कॅलिफोर्निया

मी मूळची सांगलीची. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला असलेल्या या गावात सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यातील अनेकजण श्रद्धेने शाकाहारी आहेत आणि त्यांच्या प्रकृतीचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत दूधही न घेणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २.९ टक्के, तर मांसाहारी सदस्यांमध्ये ७.६ टक्के होते. वजनातला फरक हिशेबात धरूनही ही तफावत उरली होती. हे लोक तंबाखू आणि दारूपासूनही दूर राहतात, पण ते तर दोन्ही गटांना लागू आहे.

माझ्याकडे उपचारांसाठी येणाऱ्या ऐंशी-पंचाऐंशीच्या आजींना मी जेवणाविषयी आवर्जून विचारते. घेवड्याचे दाणे, ओट्स, बदाम-अक्रोड, फळे, आणि रात्रीचे जेवण लवकर व हलके. बी-१२ची गोळी त्या न विसरता घेतात. आमच्या सांगलीकडच्या शाकाहारापेक्षा त्यांच्या जेवणात गोडधोड आणि तळण फारच कमी आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या अभ्यासात २०१९ मध्ये शाकाहारी लोकांत हृदयविकार मांसाहारींपेक्षा २२ टक्के कमी, पण पक्षाघात २० टक्के अधिक आढळला. त्याचे नेमके कारण अजून सिद्ध झालेले नाही. म्हणून मी मिठाकडे आणि रक्तदाबाकडे आहाराइतकेच लक्ष देते; पापड-लोणचे आमच्या घरी सणापुरते उरले आहे.

पालक, नागपूर

मुलीचे हिमोग्लोबिन कमी होते आणि घरात सगळे शाकाहारी. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली आणि जेवणाच्या दोन सवयी बदलायला सांगितल्या. पहिली, जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, कारण त्यातील घटक धान्य-भाज्यांतले लोह शोषू देत नाहीत. दुसरी, प्रत्येक जेवणात 'क' जीवनसत्त्व असलेले काहीतरी हवे. डब्यात उसळीसोबत लिंबाची फोड जाऊ लागली, हिवाळ्यात पेरू आणि आवळा. परीक्षेच्या काळात तिचा चहा सुटत नाही, तेव्हा तो जेवणानंतर तासाभराने देतो. गोळीचा कोर्स संपल्यावर तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची आहे. आकडा काय येतो ते येथेच लिहीन.