शाळेत समुपदेशक: गरज की कागदोपत्री सोपस्कार?

मुक्तछंद: काल एका सदस्यांनी लिहिले की शाळेत समुपदेशक नेमणे म्हणजे धडधाकट मुलांना आजारी ठरवणे आहे आणि ‘आमच्या वेळी छडी होती, तरी कोणी खचत नव्हते’. खचत होते, महाशय. फक्त त्याची वाच्यता होत नसे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्या केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या १३,०४४ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्यास सांगितले, ते हौसेखातर नव्हे.

जुना_खडू: ते लिहिणारा मीच. आकडा नाकारत नाही; पण याच आदेशानुसार सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे. मतदारयाद्या आम्ही करायच्या, जनगणना आम्ही करायची, आता मुलांची मनेही आम्हीच वाचायची! शिवाय असे विषय काढले की नको ते मुलांच्या डोक्यात भरते.

सायली_क: हा गैरसमज आहे. आत्महत्येबद्दल काळजीने थेट विचारल्यामुळे तो विचार मनात येत नाही. उलट मुलाला बोलायला वाट मिळते. मात्र विचारणारा विश्वासाचा हवा. माझ्या मुलाच्या शाळेत समुपदेशक दर शुक्रवारी नकाशांच्या खोलीत बसत आणि आत जाण्यापूर्वी मुलांना नोंदवहीत सही करावी लागे. वरच्या सह्या कोणाच्या, हे प्रत्येकाला दिसे. दुसऱ्या आठवड्यापासून माझा मुलगा गेला नाही.

मुक्तछंद: त्याच आदेशात गुणांवरून विद्यार्थ्यांचे गट शक्यतो पाडू नयेत, असेही म्हटले आहे. त्याबद्दल कोणीच का बोलत नाही?

जुना_खडू: कारण ते अव्यवहार्य आहे. मी सव्वीस वर्षे गणित शिकवले; ज्याला अपूर्णांक कळत नाहीत, त्याला बीजगणिताच्या वर्गात बसवणे हाच खरा छळ आहे.

ढ_तुकडी: मी त्या वेगळ्या तुकडीत होतो. आमचा वर्ग जिन्याखाली होता, आम्हाला गणिताला कायमचे शिक्षक नव्हते आणि पालकसभेत आमच्या आईवडिलांना शेवटी बोलावत. अपूर्णांक मला तिथे कोणी शिकवले नाहीत, सर. मी कोण आहे, तेवढे मात्र नीट शिकवले.

जुना_खडू: मी तुम्हाला शिकवलेले नाही, तेव्हा तुमच्या शिक्षकांचा राग माझ्यावर काढू नका.

ढ_तुकडी: तुम्ही त्या तुकडीवर तास घेत होता का, एवढेच सांगा.

जुना_खडू: नाही. वरिष्ठांना ‘अ’ तुकडी मिळत असे. हे चूक होते, असे हवे तर लिहून घ्या. तरीही समुपदेशकाने ते सुधारले नसते.

सायली_क: कदाचित नसते. निदान कोणाशी बोलायचे, हे तरी मुलांना कळू द्या. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळकपणे लावायचा आहे, आमच्या शाळेत तो मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे लावला आहे, जिथे मूल फक्त बोलणी खायला जाते.

जुना_खडू: मग तो फलक पाण्याच्या नळाजवळ हलवा. त्यासाठी तरी न्यायालयाची वाट पाहू नका.