तबल्याच्या मुद्रणात आघात आणि आस: कॉम्प्रेसर की ट्रान्झियंट शेपर?

प्रश्न:
एकल तबल्याच्या मुद्रणासाठी उजव्या तबल्याला आणि डग्ग्याला स्वतंत्र मायक्रोफोन लावले होते, परंतु खोली घुमणारी असल्यामुळे तिरकिटासारखे बंद बोल एकमेकांत मिसळतात. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारे साधन) लावला की आघात बोथट होतो आणि खोलीचा नाद उलट वर येतो. येथे ट्रान्झियंट शेपर (आघात आणि आस, म्हणजे आघातानंतर रेंगाळणारा नाद, वेगवेगळे वाढवणारे वा घटवणारे साधन) उपयोगी पडेल का, आणि त्याचे काम नेमके कसे चालते?

प्रतिसाद १:
उपयोगी पडेल. कॉम्प्रेसर ध्वनीची पातळी ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावरच काम करतो, त्यामुळे जोरकस ‘धा’ दाबला जातो आणि हलका ‘ते’ तसाच राहतो. शेपरला अशी मर्यादा लागत नाही. जर्मनीच्या एसपीएल कंपनीने १९९८ मध्ये आणलेल्या ट्रान्झियंट डिझायनरमुळे ही पद्धत रूढ झाली; त्यात आघात १५ डेसिबलपर्यंत आणि आस २४ डेसिबलपर्यंत वाढवता किंवा घटवता येते. आत एकाच ध्वनीच्या चढउताराचे दोन आलेख तयार होतात, एक चपळ आणि एक संथ. थाप पडताच चपळ आलेख पुढे धावतो, संथ मागे राहतो, आणि त्या क्षणी दोघांत जे अंतर पडते त्याच्या प्रमाणात आवाज वाढवला किंवा कमी केला जातो. हे अंतर डेसिबलमध्ये मोजल्यास थाप हलकी असो वा जोरकस, परिणाम जवळजवळ सारखाच मिळतो.

प्रतिसाद २:
वरील स्पष्टीकरण योग्य आहे, तथापि द्रुत लयीत एक अडचण येते. सेकंदाला बारा बोल पडत असतील तर दोन बोलांमध्ये सुमारे ८० मिलिसेकंदच उरतात. तेवढ्या वेळात संथ आलेख पुरेसा खाली येत नाही, आणि पहिला बोल उठून दिसतो तर पुढचे बोल मागे पडतात. म्हणून आपल्या मुद्रणात आघात फार वाढवण्याऐवजी उजव्या तबल्याची आस थोडी कमी करून पाहावी, म्हणजे बोलांमधला खोलीचा नाद ओसरेल.

डग्ग्याच्या आसेला मात्र हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण मनगटाच्या दाबाने निघणारी मींड (नादाची वर-खाली होणारी सरक) त्या आसेतच असते. शिवाय डग्ग्याचा नाद १०० हर्ट्झच्या आसपास असेल तर त्याचे एक कंपन १० मिलिसेकंदांचे असते. चपळ आलेख त्याहून वेगवान ठेवला तर तो प्रत्येक लहरीमागे धावू लागतो आणि आवाज खरखरीत होतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. कॉम्प्रेसरही ठेवायचा असल्यास क्रम कोणता असावा?

प्रतिसाद १:
आधी शेपर, नंतर सौम्य कॉम्प्रेसर, आणि त्याचा अटॅक (आवाज दाबायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद ठेवावा, म्हणजे घडवलेला आघात त्यातून निसटून जाईल. आघात ६ डेसिबलने वाढवला तर शिखरेही जवळपास तेवढीच वर जातात, म्हणून आधीच पातळी खाली ठेवून शिखरांसाठी जागा राखावी. तुलना करताना दोन्ही आवृत्त्या समान मोठेपणाने ऐकाव्यात, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक स्पष्ट वाटतो.