मदत हवी आहे: वर खेचलं की पंख मधेच दुमडतोय

मंडळी, डेप्रॉनचं (पातळ फोमशीट) आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, ग्लायडर बनवलंय, पंख दीड मीटर, वजन ४०० ग्रॅमच्या आसपास, सरळ उडताना एकदम झकास पण डाइव्हमधून वर खेचलं की पंख मधोमध टाळी वाजवल्यासारखा दुमडतो. आत ४ मिमीची कार्बन ट्यूब आहे पण डायहेड्रलमुळे (पंख मधून V सारखा वर कललेला) ती मध्यावर जोडावी लागली, आणि बेंडिंग नेमकं तिथेच सगळ्यात जास्त. अहो ६० अंश कलून, उंची न सोडता घेतलेल्या वळणातच लोड दुप्पट होतो, खेचताना तर विचारूच नका. आता वर-खाली कार्बनच्या पट्ट्या आणि मधे बाल्साचं (हलकं लाकूड) वेब, म्हणजे त्यांना जोडणारी उभी पट्टी, असा स्पार (पंखाचा आतला कणा) करू की फक्त मधला जॉइनर (ट्यूबचा जोड) जाड करू? वेबमधे बाल्साचे रेषे उभेच ठेवायचे ना? आणि गोंद कुठला वापरता, साधं सायनो (सुपरग्लू) तर फोम खातं. ३० ग्रॅमपेक्षा जास्त वजन वाढवायचं नाहीये.