बेलफास्टचं उदाहरण देऊन आपली भांडणं मिटणार नाहीत

रानवारा:
परवा इथे कोकणकडा यांनी लिहिलं की उत्तर आयर्लंडमध्ये (राजधानी बेलफास्ट) ३० वर्षं एकमेकांना मारणारे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समोरासमोर बसले, एकमेकांचं ऐकलं आणि १९९८ला शांतता करार झाला, मग आपणही राजकारणावरून तुटलेली नाती तशीच जोडू. वाचून डोकं फिरलं. कोण बसलं हो समोरासमोर? प्रोटेस्टंटांचा नेता ट्रिंबल, त्याची माणसं कॅथलिकांच्या शिन फेन पक्षाशी थेट बोलायलाही तयार नव्हती, एकाच इमारतीत असून निरोप मध्यस्थांमार्फत. करार झाला कारण सत्तेत दोघांना वाटा ठरला, एकाला दुसऱ्याशिवाय सरकार चालवताच येत नाही. आपल्याकडे निवडून आला की सगळं त्याचं, विरोधी आमदाराच्या गावाला रस्त्याचा निधीसुद्धा मिळत नाही. आधी ते बदला, ऐकून घ्यायचे डोस नंतर.

कोकणकडा:
ताई, त्या वाट्यामुळेच २०१७ ते २०२० तिथलं सरकार बंद होतं. २०२२ला परत तेच, एका पक्षाने पाय काढला की सगळं ठप्प. हे पाहिजे महाराष्ट्रात? आणि मवाळ कॅथलिक नेता ह्यूम १९८८ला शिन फेनच्या अ‍ॅडम्सशी बोलायला बसलाच ना, स्वतःच्या लोकांच्या शिव्या खाऊन. ते ऐकून घेणं नव्हतं तर काय होतं?

तिफण:
आणि करारात ठरलं म्हणून हिंसाचारातले ४००हून जास्त कैदी दोन वर्षांत सोडले ते? ज्याचा बाप मारला त्याने काय ऐकून घ्यायचं? आमच्याकडे साधी ग्रामपंचायतीची निवडणूक झाली, काका आणि वडील अजून बोलत नाहीत. आजीच्या तेराव्याला काका आले, मांडवाच्या बाहेर चपला घालूनच उभे राहिले, पान न घेता गेले. तिथे बोलणी घडवणारा अमेरिकन मध्यस्थ मिचेल होता, आमच्या गावात कोण मिचेल येणारे?

फळा_खडू:
सगळे नेत्यांवरच बोलताय. उत्तर आयर्लंडमध्ये आजही बहुतेक कॅथलिक मुलं वेगळ्या शाळेत, प्रोटेस्टंट वेगळ्या. आपण काय वेगळं करतोय? मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गावातल्या ऐपतवाल्यांनी पोरं उचलून इंग्लिश मिडियमला नेली, माझ्या वर्गात फक्त वस्तीवरची उरली. एकाच गावातली पोरं एकमेकांची नावं ओळखत नाहीत, मग मोठी होऊन कुणीही भडकवलं की भडकणारच.

रानवारा:
अहो बाई, विषय काय आणि तुम्ही परत मिडियमवर. पोरांच्या भविष्याचा विचार करून पाठवतात लोक, कुणाचा द्वेष म्हणून नाही.

फळा_खडू:
द्वेष म्हणून पाठवतात असं म्हटलंच नाही मी. परिणाम बघा म्हणतेय. तुमची मुलं कुठे होती ते सांगा आधी.

रानवारा:
वैयक्तिक जाऊ नका. इंग्लिशलाच होती, गावात दुसरी धड शाळा नव्हती.

फळा_खडू:
धड नव्हती कारण तुम्ही सगळे सोडून गेलात! पालक समितीला यायला माणूस उरला नाही, छप्पर गळतंय तर कुणाला सांगू?

कोकणकडा:
बाईंचा शाळेचा मुद्दा मान्य, तेवढाच. पण बेलफास्टचं लॅगन कॉलेज, दोन्हीकडची मुलं एकत्र शिकवणारं, १९८१ला पालकांनीच काढलं, २८ मुलांवर, बाहेर माणसं मरत असताना. कराराच्या १७ वर्षं आधी. सत्तेचा वाटा ठरायची वाट बघत कोण बसलं? माझ्या धाग्यात हेच होतं.

रानवारा:
नव्हतं, परत वाचा. ते पालक मोठेच, मानलं. पण आजही दहातलं एक मूलसुद्धा तसल्या शाळेत जात नाही आणि कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती २०२३पर्यंत पाडू असं तिथलं सरकार म्हणालं होतं, त्या उभ्याच आहेत.