चरणजीत सिंग, ॲसिड हाउस आणि 'आम्हीच पहिले'ची खाज

सुतळीबॉम्ब: परवा कुणीतरी 'स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक संगीत : हे ऐकाच' अशी यादी टाकली. यादी झकास, पण पहिल्याच नावापुढे, म्हणजे मुंबईच्या चरणजीत सिंगांपुढे, लिहिलंय, "ॲसिड हाउसचा (यंत्रावरच्या चिरक्या, घसरत्या बेसवर चालणाऱ्या नाचाच्या संगीताचा) शोध शिकागोत नव्हे, मुंबईत लागला." झालं! पुष्पक विमानाशेजारी हेही नेऊन ठेवा.

चरणजीत सिंगांची ती एचएमव्हीची तबकडी १९८२ची. दहा राग, खाली डिस्कोचा ठेका. वाद्यं सगळी रोलंड कंपनीची: बेसचं यंत्र टीबी-३०३, तालाचं टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर. ॲसिड हाउसची सुरुवात मानली जाते ती शिकागोच्या फ्यूचर या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ची. तारखांबद्दल वाद नाही. पण आपल्याकडे ती खपली नाही, २०१०मध्ये एका डच लेबलने पुन्हा काढेपर्यंत धूळ खात होती. तिच्यातून पुढे कुणी काही उचललं नाही. याला शोध म्हणतात? हा माणूस सिनेमात वाजवणारा, हाती नवी यंत्रं आली, डिस्कोची हवा होती, केलं. ॲसिड हाउस करायला बसला नव्हता.

मध्यरात्रीचा मालकंस: म्हणजे गोऱ्यांनी ऐकेपर्यंत आपलं काही घडतच नाही, असंच ना? अहो, ३०३वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. आपल्याला ती मींडच. त्या यंत्राला राग सुचणं हेच डोकं आहे. एकदा दिवे मालवून कलावती लावा, मग पुष्पक विमान काढा.

खर्ज: राग? तोडीचा तो नेहमीपेक्षा जरा उतरलेला गंधार कुठाय त्यात? सगळे सूर मोजूनमापून सारख्या अंतरावर! आमचे गुरुजी साथीला पेटी घ्यायलाही कुरकुरायचे. त्यांनी हे ऐकलं असतं तर तंबोरा खाली ठेवून निघून गेले असते.

बेंजो_लालबाग: तुमचं चालू द्या. माझे काका बेंजो पथकात ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचं आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, वाजवायचे. रोलंडचाच, कर्ज काढून घेतलेला. गणपतीचे दहा दिवस आणि नंतर लग्नसराईभर हळदी. त्यावर हफ्ते फेडले, बहिणीचं लग्न केलं. हे इलेक्ट्रॉनिक नाही का? आणि आज गावोगावची पोरं कॉम्प्युटरवर फ्रूटीलूप्स सॉफ्टवेअरमध्ये हलगी मिक्स बनवतात, मध्ये मध्ये स्वतःचं नाव ओरडून घालतात. ना लेबल, ना मॅनेजर. याहून स्वतंत्र काय असतं? पण यादीत बर्लिनचं तळघर येतं, आमची गल्ली नाही येत.

सुतळीबॉम्ब: ऑक्टोपॅडला नमस्कार. पण त्या हलगी मिक्सची डीजेच्या स्पीकरची भिंत मागच्या विसर्जनाला आमच्या खिडकीखाली चार तास उभी होती. आईचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हा नियम आहे, आमच्या कपाटातली भांडी नाचत होती. ही कला तुमच्या गल्लीतच ठेवा.

बेंजो_लालबाग: बेंजो आणि डीजे यातला फरक कळत नसेल तर लिहू नका. काकांच्या सुपाऱ्या त्याच भिंतींनी खाल्ल्या. दहा माणसांचं पथक कोण बोलावणार, एका पोराच्या लॅपटॉपवर भागतं. आणि आईंबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण गोव्यात हणजूणला रात्रभर धडधडलं की त्याला 'ट्रान्स' संगीत म्हणतात, तिथे तुम्ही तिकीट काढून जाता. तिकडच्या म्हाताऱ्यांना कान नसतात का?

सुतळीबॉम्ब: एकदाच गेलो होतो. २०११ला.

बेंजो_लालबाग: एकदाच म्हणे!

खर्ज: गंधाराचं उत्तर अजून आलेलं नाही.

मध्यरात्रीचा मालकंस: खर्जबुवा, तुम्ही पेटीवाल्यांशी भांडा. आणि पहिलेपणाचीच हौस असेल तर मुंबईसुद्धा मागे पडते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवला. संगीतकार गीता साराभाई आणि इतरांनी १९७२पर्यंत तिथे ध्वनिफितींवर इलेक्ट्रॉनिक संगीत केलं. त्यांचं संकलन निघायला २०२३ उजाडलं. तेही कुणी ऐकलं नव्हतं, म्हणजे सुतळीरावांच्या हिशेबी तेही झालंच नाही.

सुतळीबॉम्ब: बरं बाबा. 'शोध लागला' खोडून 'आधी केलं होतं' लिहा, मी सही करतो. कलावती ऐकली काल. दोनदा. लगेच पेढे वाटू नका.

बेंजो_लालबाग: काकांचा ऑक्टोपॅड माळ्यावर आहे. आठातले पाच पॅड चालतात. कुणाला रेकॉर्डिंगला हवा असेल तर सांगा. भाडं लागेल.