घरच्या कॉम्प्युटरला कोणतं अँटी-स्पायवेअर? सोसायटी ग्रुपवरची रविवारची चर्चा

बी-३०२ काका: नमस्कार मंडळी. कालपासून कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकट येतेय, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, ताबडतोब साफ करा'. बंद केली की दोन मिनिटांत परत हजर. दुकानदार म्हणतो स्पायवेअर (म्हणजे चोरून माहिती काढणारा प्रोग्राम) आहे, ३ कॉम्प्युटरचं ३ वर्षांचं पॅकेज घ्या. आमच्याकडे कॉम्प्युटर एकच. पेन्शनचं, एफडीचं सगळं त्यावरच बघतो, त्यामुळे रात्रभर डोळा लागला नाही. कोणतं घ्यावं?

डी-१०२: काका, डोळे झाकून क्विक हील घ्या. आपल्या पुण्याचं आहे. कैलाश काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकट्या भावाने, संजय काटकरांनी, व्हायरस काढायचा प्रोग्राम लिहिला. मी दहा वर्षं वापरतोय, एकदाही त्रास नाही. अडलं तर फोनवर मराठीत बोलता येतं, हेही बघा.

ए-६०४: मालवेअरबाइट्स टाका काका, फुकट आहे.

ए-२०३ काकू: आमच्याकडे स्पायबॉट होतं पूर्वी. अजून मिळतं का ते?

सी-५०१ ताई: काका, आत्ता पैसे भरू नका आणि त्या चौकटीवर क्लिकही करू नका. आधी एक बघून सांगा. चौकटीत वर किंवा खाली बारीक करड्या अक्षरांत काही लिहिलंय का? ब्राउझरचं नाव, एखाद्या वेबसाइटचा पत्ता?

बी-३०२ काका: थांब, चष्मा लावतो. हो गं. 'गूगल क्रोम' लिहिलंय आणि खाली कुठल्याशा साइटचं विचित्र नाव आहे.

सी-५०१ ताई: मग ही सूचना कुठलं अँटीव्हायरस देत नाहीये, ती एका वेबसाइटची जाहिरात आहे. कधीतरी एखाद्या साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का?' विचारलं असेल आणि 'अलाऊ' दाबलं गेलं असेल. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीची नाही ती प्रत्येक साइट काढून टाका.

बी-३०२ काका: अकरा साइट्स निघाल्या! एक पंचांगाची, एक पीडीएफ जोडायची, बाकीच्या कुठून आल्या देव जाणे. सगळ्या काढल्या. चौकट गेली.

डी-१०२: चौकट गेली म्हणजे आत काही नाही असं होत नाही. काकांचे पैशाचे व्यवहार आहेत. संरक्षण हवंच.

सी-५०१ ताई: अगदी बरोबर. आता मूळ प्रश्नावर येते. मोठा मेसेज आहे, पण निवांत वाचा. ऑफिसमध्ये रोज हेच काम करते.

नुसत्या 'अँटी-स्पायवेअर' नावाचा वेगळा प्रोग्राम घ्यायचे दिवस गेले. वीस वर्षांपूर्वी अँटीव्हायरस एक आणि स्पायवेअर काढायला स्पायबॉट नाहीतर अ‍ॅड-अवेअर दुसरं, अशी जोडी लागायची. काकू म्हणताहेत ते त्या वेळचं. स्पायबॉट अजून मिळतं, पण आज मी ते कुणाला सुचवणार नाही. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट नावाची कंपनी विकत घेतली, तिच्या अँटी-स्पायवेअरमधूनच विंडोजचं स्वतःचं डिफेंडर तयार झालं. २०१२ च्या विंडोज ८ पासून त्यात पूर्ण अँटीव्हायरसही आलं. म्हणजे काका, तुमच्या मशीनमध्ये ते आधीपासून आहे, फक्त चालू आहे ना एवढं बघायचं.

जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था सगळ्यांना तपासते. संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण. डिफेंडरला गेली काही वर्षं तिथे १८ किंवा त्याच्या अगदी जवळचे गुण मिळताहेत. त्याची कमजोरीही सांगते. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्जच्या चाचण्यांत दिसतं की नेट बंद असताना डिफेंडरची पकड सैल होते, कारण ते बरंचसं काम मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून करतं. ज्यांच्याकडे नेट सारखं जातं आणि पेनड्राइव्हची ने-आण जास्त असते, त्यांनी विकतचं घेतलं तर मी अडवणार नाही.

डी-१०२: म्हणजे माझं चुकलं नाही.

सी-५०१ ताई: नाही हो दादा, मुळीच नाही. तुमचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात. तुम्हाला क्विक हील योग्यच आहे. काकांकडे पेनड्राइव्ह येतच नाही, नेट फायबरचं आहे. त्यांना डिफेंडर पुरेल.

मालवेअरबाइट्सबद्दल ए-६०४ ला एक सांगते. फुकटचं मालवेअरबाइट्स पहारा देत नाही. पहिले १४ दिवस पूर्ण आवृत्ती चालते, नंतर तुम्ही 'स्कॅन' दाबाल तेव्हाच ते उठतं. पण दुसरं मत घ्यायला ते उत्तम आहे. ब्राउझरला चिकटलेले टूलबार आणि बदललेलं होमपेज यासाठी त्यांचंच अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर आहे. छोटंसं आहे आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही. दोन पहारेकरी मात्र एका वेळी ठेवू नका. दोन्ही प्रत्येक फाइल उघडताना तपासायला धावतात आणि मशीन रडतखडत चालतं.

ए-६०४: आणि अवास्ट? ते पण फुकट आहे ना?

सी-५०१ ताई: पकडायला चांगलं आहे. पण त्यांच्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत लोकांची ब्राउझिंगची माहिती विकली गेली होती, आणि त्यावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जम्पशॉट २०२० मध्येच बंद झालं. तरी हेरगिरी थांबवायला घेतलेल्या प्रोग्रामनेच माहिती विकावी, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून मी घरी टाकत नाही.

ए-२०३ काकू: मी एक सांगू का? गेल्या वर्षी माझे पैसे गेले तेव्हा लॅपटॉपवर विकतचं अँटीव्हायरस होतं, चालू होतं, अपडेटही होतं. फोनवरच्या माणसाने केवायसीसाठी म्हणून एक प्रोग्राम टाकायला लावला, त्यात दिसणारा नंबर वाचून दाखवायला लावला, आणि माझ्या डोळ्यांदेखत माउस आपोआप फिरायला लागला. मी वायर ओढली, पण तोवर उशीर झाला होता. नंतर स्कॅन केलं तर काहीच सापडलं नाही. तेव्हापासून माझा या कशावरच विश्वास नाही.

सी-५०१ ताई: काकू, हे तुम्ही इथे सांगितलंत हे फार मोलाचं आहे. स्कॅनमध्ये काही सापडलं नाही, कारण तो प्रोग्राम स्पायवेअर नव्हताच. दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायला कंपन्यांची सपोर्टची माणसं रोज वापरतात तेच साधन होतं ते. त्याला दार तुमच्याकडून उघडून घेतलं गेलं, त्यामुळे अँटीव्हायरसच्या लेखी तुम्हीच परवानगी दिली होती. पैसे भरा किंवा फुकटचं वापरा, हे कोणतंही पॅकेज हमखास अडवणार नाही.

तसाच दुसरा प्रकार सध्या फार चाललाय. एखाद्या साइटवर 'मी रोबोट नाही' अशी चौकट येते आणि पुढे सांगते की विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. खरी चौकट असं कधीच सांगत नाही. ते केलंत की साइटने गुपचूप कॉपी करून ठेवलेला आदेश तुमच्याच हाताने चालतो आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड काही सेकंदांत बाहेर जातात. लुम्मा नावाचा असाच पासवर्डचोर मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि पोलिसांनी मिळून मोडून काढला. त्याआधीच्या फक्त दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटरना त्याची लागण झालेली आढळली होती.

ए-२०३ काकू: सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन केला म्हणून माझे थोडे तरी अडकून राहिले आणि परत मिळाले. नंबर भिंतीवर लिहून ठेवा सगळ्यांनी.

बी-३०२ काका: मी लिहिला. ताई, आता मी नेमकं काय करू?

सी-५०१ ताई: विंडोज सिक्युरिटी उघडा, डिफेंडर तिथेच आहे. 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' आहे, त्यातलं 'पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग' चालू करा. फुकटच्या प्रोग्रामांबरोबर नको ते जे चिकटून येतं, ते यातून अडतं. मग 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'स्कॅन ऑप्शन्स', फुल स्कॅन. दोन-तीन तास लागतील, जेवून घ्या. तो झाला की त्याच यादीतला ऑफलाइन स्कॅन करा. कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, पंधराएक मिनिटांत आटोपतं. स्क्रीन वेगळी दिसली तर घाबरू नका. स्कॅन सुरू करायच्या आधी उघडी कामं तेवढी सेव्ह करा.

ए-६०४: ताई, माझ्याकडे पैसे न भरता विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायचं क्रॅक होतं, डिफेंडरने उडवलं. त्यासाठी डिफेंडर बंद ठेवलंय.

सी-५०१ ताई: आजच चालू कर रे. क्रॅकमधून पासवर्डचोर येतात, आणि त्या फाइलच्या सूचनेतच लिहिलेलं असतं 'आधी अँटीव्हायरस बंद करा'. तुझ्या लॅपटॉपवर आईचं नेट बँकिंग उघडतोस ना? संध्याकाळी घेऊन ये, दोघं मिळून बघू.

सेक्रेटरी: ऑफिसचा कॉम्प्युटर विंडोज १० चा आहे. त्याला चालेल का हेच?

सी-५०१ ताई: सर, विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. डिफेंडरची व्हायरसची यादी अजून येत राहते, पण खुद्द विंडोजला पडलेली भोकं बुजवायची तर वाढीव अपडेटसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. मेंटेनन्सचा सगळा हिशेब आणि सभासदांची कागदपत्रं त्यावर आहेत. पॅकेजवर खर्च करण्याआधी तो विंडोज ११ वर जातो का ते तपासू.

बी-३०२ काका (दुपारी ३:४०): फुल स्कॅन झाला. एक गोष्ट सापडली, तो पीडीएफ जोडायचा प्रोग्राम. 'रिमूव्ह' करू की 'क्वारंटाइन' (म्हणजे नुसतं वेगळं डांबून ठेवू)?

सी-५०१ ताई: रिमूव्ह. नंतर 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'च्या यादीतही त्याचं नाव राहिलंय का बघा, असेल तर तिथूनही काढा. आणि बँकेचा व ईमेलचा पासवर्ड आज बदला, पण या कॉम्प्युटरवरून नको, फोनवरून बदला. उद्या मालवेअरबाइट्सने एकदा तपासू, ते स्वच्छ आलं की मग कॉम्प्युटरवरून लॉगिन करा.

बी-३०२ काका: ईमेलचा बदलला. बँकेचा ओटीपी येतोय. दुकानदाराला नको म्हणून कळवलं.

सेक्रेटरी: ताई, उद्या सकाळी ११ ला ऑफिस उघडं ठेवतो.