मदत हवी आहे: केळवणं सुरू झालीत, वजन उतरवायचंय (तातडीने!)

अर्धा_कप | रविवार, रात्री ११:२०

लग्नाला सहा आठवडे राहिलेत. नऊ केळवणं ठरलीत, त्यातली दोन झाली. टेलरने माप घेताना विचारलं होतं, "अजून उतरणार ना? मग त्या अंदाजाने कापतो." तेव्हा जोशात मान हलवली होती.

आज मामाकडे श्रीखंड-पुरी, मसालेभात, अळूचं फदफदं, बटाटेवडे. रात्रीचं जेवण म्हणून दिवसभर मुद्दाम काही खाल्लं नव्हतं. पाटावर बसेपर्यंत हात थरथरत होते, घाम फुटला होता, इतकी भूक. मग काय, नको नको म्हणता सहा पुऱ्या. आत्ता काट्यावर उभं राहून पाहिलं तर कालपेक्षा १.८ किलो जास्त.

'चालायला जा', 'कोमट पाणी प्या' हे कृपया नको. नातेवाइकांना नाही कसं म्हणायचं आणि खाल्लंच तर दुसऱ्या दिवशी काय करायचं, एवढंच सांगा. पुढचं केळवण बुधवारी आहे.

खमंग_काकू | रविवार, रात्री ११:३४

अगोबाई, अभिनंदन! ताई, टेन्शन घेऊ नकोस. ब्लाउजला दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच माया ठेवायला सांग, ऐन वेळी उसवता येते. माझ्या लेकीच्या वेळी शालूवरचा ब्लाउज आदल्या रात्री उसवला होता. आणि केळवणं काय परत परत होतात का? खाऊन घे.

घाटमाथा | रविवार, रात्री ११:४१

उंची किती, वजन किती, वय किती, किती उतरवायचंय? काहीच लिहिलेलं नाही. थायरॉइड वगैरे तपासलंय का?

अर्धा_कप | रविवार, रात्री ११:५२

काकू, शेरवानी आहे. मी ताई नाही.
५ फूट ८ इंच, ९१ किलो, वय ३२. ८५ पर्यंत आलो तरी चालेल. थायरॉइड नॉर्मल.

खमंग_काकू | रविवार, रात्री ११:५५

अरे देवा :) माया शेरवानीलाही ठेवतात हो.

दुपारी_दोन | सोमवार, सकाळी ७:१०

सोपं आहे. दीक्षितांचं चालू करा. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. मी चार महिन्यांत नऊ किलो उतरवलं. केळवण हे त्यातलं एक जेवण धरा. दुसऱ्या दिवशी काय करायचं हा प्रश्नच येत नाही.

तूपसाखर | सोमवार, सकाळी ७:४८

मग ते नऊ किलो परत आले की नाही तेही लिहा. आमच्या ऑफिसात सहा जणांनी केलं, पाच जण पहिल्यापेक्षा जाड झालेत. त्यापेक्षा ऋजुता दिवेकर सांगतात तसं थोड्या थोड्या वेळाने खा, घरचं खा, तूप खा. भुकेलं राहून पंगतीला बसलं की माणूस तुटून पडतो. धागाकर्त्याचं नेमकं तेच झालंय.

दुपारी_दोन | सोमवार, सकाळी ८:०५

दर दोन तासांनी डबा उघडायला आम्ही काय शाळेत जातो? आणि हे दीक्षितांनी हवेतून काढलेलं नाही, मूळ मांडणी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. दीक्षित स्वतः तसं सांगतात.

तूपसाखर | सोमवार, सकाळी ८:११

कुणाची मांडणी हा मुद्दा नाहीये. केळवणाला औक्षण, उखाणे, फोटो, आहेर असतो. ५५ मिनिटं तर पहिला घास तोंडात जायच्या आत संपतात.

कारकून_४२ | सोमवार, सकाळी ९:३०

चला, दीक्षित-दिवेकर झालं. दोनशे प्रतिसादांची निश्चिंती.

धागाकर्त्या, त्या १.८ किलोचं सांगतो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. १.८ किलो चरबी चढायला रोजच्या गरजेच्या वर साधारण १४,००० कॅलरी खाव्या लागतील. मामीने कितीही आग्रह केला तरी एका बैठकीत ते होत नाही. काट्यावर दिसतंय ते पोटातलं अन्न, मिठाने धरून ठेवलेलं पाणी, आणि पुरी-भाताची साखर शरीरात साठते तेव्हा तिच्याबरोबर साठणारं पाणी. दोन-तीन दिवसांत बरंचसं आपोआप उतरतं. दुसऱ्या दिवशी उपास करून प्रायश्चित्त घेऊ नका, नेहमीचं जेवा. आणि जेवून आल्या आल्या काट्यावर चढायची सवय सोडा. आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी.

सहा आठवड्यांत सहा किलो जास्त होतात. तीन उतरले तरी शेरवानीला कळेल.

पांढरा_रस्सा | सोमवार, सकाळी १०:०२

श्रीखंड-पुरीचं केळवण केलं की हेच होणार. आमच्याकडे कोल्हापुरात केळवणाला मटण असतं. तांबडा-पांढरा वाट्यांनी प्या, सुकं खा, भाकरी अर्धी, भाताला हात लावू नका. प्रथिनं पोटात गेली की माणूस आपोआप थांबतो. गोड मागतंय कोण?

खमंग_काकू | सोमवार, सकाळी १०:१५

केळवणाला मटण??

पांढरा_रस्सा | सोमवार, सकाळी १०:१६

हो. आणि आम्ही त्याला केळवणच म्हणतो.

सोनचाफा७७ | सोमवार, सकाळी ११:२०

माझ्या भाच्याचं वजन अजिबात वाढत नाही. त्याला रोज दुधात भिजवलेली खारीक आणि दोन केळी सुरू केली, महिन्यात फरक पडला. तुम्हीही करून बघा.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १:४०

वरचं सगळं वाचलं. कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही म्हणून विचारते. दिवसभर उपाशी राहून हात थरथरणं आणि घाम येणं. कुठली गोळी चालू आहे का?

अर्धा_कप | सोमवार, दुपारी २:२५

कारकून, धन्यवाद, जीव भांड्यात पडला. पांढरा_रस्सा, आम्ही शाकाहारी आहोत.
पण मूळ प्रश्न तसाच आहे. 'नको' म्हटलं की कुणी ऐकतच नाही. 'डाएट करतोय' म्हटलं तर मामा म्हणे, "लग्न झाल्यावर कर, आता बायको करवून घेईलच."

रात्रपाळी | सोमवार, दुपारी २:३१

गोळी?

अर्धा_कप | सोमवार, दुपारी ३:०८

शुगरची एक आहे. सकाळी नाश्त्याआधी. दीड वर्ष झालं. त्याचा इथे संबंध नाही, प्रश्न वजनाचा आहे.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी ३:२०

त्याचाच संबंध आहे. पाकिटावर काय लिहिलंय? नुसतं मेटफॉर्मिन की सोबत ग्लिमेपिराइड?

अर्धा_कप | सोमवार, दुपारी ३:२६

दोन्ही. एकत्र आहे.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी ३:५०

मग नीट वाचा. ग्लिमेपिराइड तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही. ते इन्सुलिन सोडायला लावतंच. गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिलात की साखर खाली येते. ती थरथर नुसत्या भुकेची नव्हती, साखर उतरल्याची असणार. ७० च्या खाली गेली की असंच होतं, आणि गाडी चालवत असताना झालं तर काय, याचा विचार करा. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही.

पुन्हा झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर तपासायचं, तरीही कमीच असेल तर पुन्हा घ्यायची. आणि उद्याच डॉक्टरांना फोन करून सांगा की लग्नापर्यंत जेवणं अशी वेडीवाकडी होणार आहेत, वजनही उतरवायचंय. गोळी किंवा डोस बदलायचा का ते तेच ठरवतील. स्वतःच्या मनाने बंद करू नका. दुपारी_दोन, तुमचा सल्ला वाचून ह्यांनी उद्यापासून सकाळची गोळी घेऊन दुपारपर्यंत उपास धरला असता.

दुपारी_दोन | सोमवार, दुपारी ४:०२

मला काय माहीत गोळी चालू आहे! लिहायला नको? दीक्षितही मधुमेहींना डॉक्टरांना विचारूनच करा म्हणतात.

घाटमाथा | सोमवार, दुपारी ४:१०

अहो पण मग प्रश्नच कुठे उरला? 'मला शुगर आहे' म्हणा. आपल्याकडे ह्या एका वाक्यापुढे भलेभले वाढपी मागे सरतात.

अर्धा_कप | सोमवार, रात्री ९:४५

तेच तर सांगता येत नाही. घरात आई-बाबांनाच माहीत आहे. आईचं म्हणणं, लग्नाआधी बोभाटा नको, एकदा मामीला कळलं की डोंबिवलीपासून सांगलीपर्यंत सगळ्यांना कळेल. म्हणून मी वजनाचं कारण पुढे केलं, तर ते कुणी मनावर घेत नाही.

उंबरठा | सोमवार, रात्री १०:०१

आणि मुलीला? तिच्यापासूनही लपवलंय?

तूपसाखर | सोमवार, रात्री १०:०४

हाच प्रश्न. लपवलं असेल तर वजन राहू दे, आधी ते सांगा. ही फसवणूक आहे.

खमंग_काकू | सोमवार, रात्री १०:२०

एवढं काही नाही हो. आजकाल घरटी एकाला असते. आमच्या ह्यांना कळलं तेच मुळी लग्नानंतर दहा वर्षांनी.

उंबरठा | सोमवार, रात्री १०:२३

काकू, नंतर होणं वेगळं आणि माहीत असून न सांगणं वेगळं. माझ्या बहिणीच्या बाबतीत हे झालंय. कपाटात इन्सुलिनचं पेन सापडल्यावर कळलं.

अर्धा_कप | सोमवार, रात्री १०:४०

तिला दुसऱ्या भेटीतच सांगितलं, रिपोर्टसकट. तीन महिन्यांची साखर ७.९ होती. तिच्या आई-वडिलांनाही तिनेच सांगितलं. तिकडे काही अडचण नाही, त्यांच्या घरच्या केळवणात तिच्या आईने मुगाची धिरडी केली होती. अडचण आमच्याच खानदानाची आहे.

उंबरठा | सोमवार, रात्री १०:४४

मग माझे शब्द मागे. माफ करा.

कारकून_४२ | मंगळवार, सकाळी ९:१५

मग आता डावपेच. पंगत आणि बुफे वेगळे, बुफेत कुणी बघत नाही, ते सोडा. पंगतीत आग्रह होतो तो रिकाम्या जागेला. ताटात मोकळी जागा दिसली की वाढपी येणारच. म्हणून आधी कोशिंबीर, भाजी, वरण यावर भर द्या आणि गोडाच्या वाटीत शेवटपर्यंत अर्धं राहू द्या. 'संपवतो आधी' म्हणायला कारण राहतं. श्रीखंडात चक्क्याइतकीच साखर असते आमच्याकडे, म्हणजे वाटीतली निम्मी साखरच. दोन चमचे चाखलंत तरी यजमानीण खूश होते, तिला घास गेल्याशी मतलब.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाढणारा फितूर करा. प्रत्येक घरात एक चुलतभाऊ नाहीतर मावसबहीण हातात भांडं घेऊन फिरत असते. तिला आधी फोन करा. मी माझ्या केळवणांत आतेभावाला पटवलं होतं. तो माझ्या ताटाशी येऊन मोठ्याने "घे रे, लाजू नको" म्हणायचा आणि रिकामा डाव आपटून पुढे जायचा.

पांढरा_रस्सा | मंगळवार, सकाळी ९:३२

हा हा, रिकामा डाव! हे मात्र जबरी.

तूपसाखर | मंगळवार, सकाळी १०:००

यजमानांना आधीच सांगता येतं की. "मावशी, त्या दिवशी तुझ्या हातचं थालीपीठ कर ना, खूप दिवसांत खाल्लं नाही." मागितलेला पदार्थ करायला कुणालाही आवडतं. मग थालीपीठ, पिठलं, भरीत हेच मेन्यूत मुख्य होऊन बसतं. नकार द्यावा लागत नाही, फर्माईश करावी लागते. आणि तळण नाही म्हणजे तूप-तेलही आटोक्यात. मोठा चमचाभर तूप म्हणजे १२० कॅलरी, हे मी तूपसाखर नाव घेऊन सांगते आहे.

अर्धा_कप | मंगळवार, रात्री ८:३०

डॉक्टरांना फोन झाला. दोन शब्द ऐकावे लागले. गोळी बदलून दिलीय, ग्लुकोमीटरवर रोज दोनदा तपासायला सांगितलंय. रात्रपाळी, तुमचे आभार कसे मानू? मावशीला थालिपिठाचा फोन केला. फितुरीसाठी मावसबहिणीला गाठलंय, ती एका पिझ्झाच्या बदल्यात तयार झाली.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:१०

तो पिझ्झा तिने खायचा आहे.

अर्धा_कप | गुरुवार, सकाळी ७:५०

अपडेट. मावशीने थालीपीठ केलं. सोबत बासुंदीही केली, कारण "नुसत्या थालिपिठाचं कसलं केळवण". बहीण ठरल्याप्रमाणे बासुंदीचं भांडं घेऊन आली, डाव आपटला, पुढे गेली. मावशी दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही.

हात धुवायला मोरीत गेलो तर मागे आली. हळूच म्हणाली, "तुझ्या खिशातनं मघाशी पाकीट पडलं होतं, मी फडताळात ठेवलंय. तुझ्या काकांची पण हीच गोळी आहे." मग म्हणाली, "ताईला सांगू नको मला कळलंय ते. पुढच्या केळवणाला मी वाढायला उभी राहते."

एकूण दोन थालीपिठं, दही, दोन चमचे बासुंदी. काट्यावर चढलेलो नाही. रविवारी चढेन.

खमंग_काकू | गुरुवार, सकाळी ८:१२

डोळ्यांत पाणी आलं बाई. मावशी असावी तर अशी.

दुपारी_दोन | गुरुवार, सकाळी ८:४०

किती वेळ लागला जेवायला? उगाच विचारतोय.

घाटमाथा | गुरुवार, सकाळी ९:०५

त्या थालिपिठाच्या भाजणीचं प्रमाण मिळेल का मावशींकडून? आमच्याकडे नेहमी वातड होतात.

तूपसाखर | गुरुवार, सकाळी ९:२२

गहू जास्त पडत असतील. बाजरी आणि ज्वारी समान घ्या, हरभरा डाळ त्याच्या निम्मी, उडीद मूठभर, धणे विसरू नका. आणि प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, एकत्र नाही.

पांढरा_रस्सा | गुरुवार, सकाळी ९:२५

भाजणीत गहू? कुणी सांगितलं?